किट कारची नोंदणी: इंजिनाचं वय कागदावर सिद्ध कसं करायचं

ब्रिटनमध्ये राहून घरच्या गॅरेजमध्ये किट कार (भागांच्या संचातून स्वतः जुळवायची गाडी) बांधणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा वेल्डिंगमुळे किंवा ब्रेकमुळे अडकत नाही. ती कागदावर अडकते, आणि त्यातही इंजिनाच्या वयावर. दोन वर्षं राबून बांधलेली गाडी तपासणीला उभी राहते, इंजिन सुरेख चालतं, पण ते कोणत्या साली बनलं हे दाखवणारा कागद मालकाकडे नसतो. मग जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला आजच्या इंजिनाचे धुराचे निकष लागतात, आणि ते पार करणं त्याला शक्य नसतं.

हे टाळता येतं. मात्र त्यासाठीचं बरंचसं काम डोनर गाडीतून, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे त्या जुन्या गाडीतून, इंजिन उतरवण्याच्या आधी करायचं असतं, तपासणीच्या आठवड्यात नव्हे. खाली तोच क्रम दिला आहे. तो इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. भारतातल्या वाचकांनी तो तिथल्या गाडीला लावू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे भारतात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावरच कडक बंधनं आहेत आणि तिथला मार्ग पूर्ण वेगळा आहे.

१. आधी समजून घ्या: दोन खाती, दोन वेगळे प्रश्न

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका.

पहिलं खातं डीव्हीएसए. ते गाडीची आयव्हीए तपासणी करतं, म्हणजे एकट्या गाडीला रस्त्यावर येण्याची मान्यता देतं. इंजिनाच्या बाबतीत त्याचा प्रश्न असतो: हे इंजिन कोणत्या काळातलं आहे, आणि त्यानुसार धुराचा कोणता निकष लावायचा?

दुसरं खातं डीव्हीएलए, स्वान्सीचं. ते नोंदणी करतं आणि नंबर देतं. त्याचा प्रश्न असतो: ही गाडी कशापासून बनली आहे, आणि तिला नवा नंबर द्यायचा, डोनरच्या वयाचा नंबर द्यायचा, की वय किंवा ओळख सिद्ध न झालेल्या गाडीला मिळणारा क्यू अक्षराचा?

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि त्यात काही चूक नाही. समजा, सगळे भाग नवे आहेत आणि फक्त इंजिन नव्यासारखं करून घेतलेलं जुनं आहे. नव्या भागांच्या किट कारमध्ये असा एक पुनर्बांधणी केलेला भाग डीव्हीएलए चालवून घेतं, तो नव्याच्या दर्जाचा असल्याचं दाखवता आलं तर. म्हणजे पाटी चालू वर्षाची मिळू शकते. पण डीव्हीएसएसमोर इंजिनाच्या वयाचा प्रश्न तसाच उभा राहतो. उलट बाजूने, डोनर गाडीचे दोन प्रमुख भाग वापरून तुम्ही तिच्या वयाची पाटी मिळवू पाहत असाल, पण इंजिन तिसऱ्याच गाडीतून आलं असेल, तर डोनरचं नोंदणीपत्र इंजिनाबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

सावधान: "आपल्याला क्यू पाटी चालेल, मग इंजिनाचा पुरावा कशाला?" असं बरेच जण म्हणतात. क्यू पाटी हा नोंदणीचा निर्णय आहे. आयव्हीएची धूर तपासणी त्याच्या आधी होते, आणि पाटी कोणती मिळणार यावरून तिथे सूट मिळत नाही.

२. कोणत्या तारखेच्या कोणत्या बाजूला आहात ते ठरवा

पेट्रोल इंजिनासाठी काही तारखा निर्णायक आहेत. ब्रिटिश नियमांमध्ये त्या १ ऑगस्टला बदलतात, जानेवारीला नाही.

- १ ऑगस्ट १९७५ पूर्वी: यंत्राने मोजणी नाही, फक्त डोळ्यांनी धूर बघतात.
- १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९८६: कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत, हायड्रोकार्बन १२०० पीपीएमपर्यंत.
- १ ऑगस्ट १९८६ ते ३१ जुलै १९९२: कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत, हायड्रोकार्बन तेच.
- १ ऑगस्ट १९९२ ते ३१ जुलै १९९५: मधला पट्टा. इथे इंजिन कोणत्या मॉडेलचं आहे यावर बरंच अवलंबून असतं.
- त्यानंतर: कॅटलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या "कॅट"चे निकष.

शेवटच्या ओळीचा अर्थ नीट लक्षात घ्या. कॅटच्या तपासणीत वाढवलेल्या आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा आकडा) ०.९७ ते १.०३ या अरुंद पट्ट्यात लागतो. लॅम्डा सेन्सरवर चालणारं इंजेक्शन असल्याशिवाय हे जमत नाही. दोन वेबर कार्ब्युरेटरवर चालणारं इंजिन कितीही निगुतीनं ट्यून करा, ते तिथे बसणार नाही. म्हणून एका कागदाअभावी ३.५ टक्क्यांच्या रांगेतून ०.३ च्या रांगेत जाणं म्हणजे अख्खी इंधन व्यवस्था बदलणं.

तपासा: तुमचं इंजिन यांपैकी एखाद्या तारखेपासून बरंच दूर आहे की अगदी लगत? १९८४ चं इंजिन असेल तर साधा पुरावाही बहुधा पुरेल. १९९२ च्या उन्हाळ्यातलं असेल तर महिना सिद्ध करावा लागेल. १९९२ ते १९९५ च्या पट्ट्यात असाल तर आयव्हीएच्या मार्गदर्शिकेची चालू आवृत्ती काढून धुराचं प्रकरण स्वतः वाचा, आणि शंका उरली तर अर्जाआधीच डीव्हीएसएला लेखी विचारा. लेखी उत्तर हाही फाइलमधला एक कागद होतो.

३. इंजिन उतरवण्यापूर्वीचं काम

ज्यांनी अजून डोनर गाडी विकत घेतलेली नाही, त्यांना हा टप्पा सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

गाडी बघायला जाल तेव्हा तिचं व्ही५सी, म्हणजे नोंदणीपत्र, हातात घेऊन बॉनेट उघडा. त्यावर तीन नोंदी शोधा: बी म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, ई म्हणजे व्हीआयएन किंवा चॅसिस नंबर, आणि पी.५ म्हणजे इंजिन नंबर. पी.५ मधला नंबर ब्लॉकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरच्या, नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का ते तिथेच पाहा. जुळत नसेल तर गाडी सोडून द्याच असं मी म्हणत नाही, पण त्या गाडीचा कागद त्या इंजिनाचा पुरावा होणार नाही हे धरून भाव करा.

मग फोटो, याच क्रमाने:

पहिला फोटो गाडीच्या समोरून, नंबर पाटी आणि उघडं बॉनेट एकाच चौकटीत येईल असा. दुसरा इंजिन बेचा, गाडीवरची व्हीआयएन पट्टी दिसेल असा. तिसरा ब्लॉकचा, नंबराची जागा आणि आजूबाजूचे ओळखू येणारे भाग एकत्र दिसतील असा. चौथा नंबराचा, अगदी जवळून. फक्त चौथा फोटो असेल तर तो कोणत्याही इंजिनाचा असू शकतो. पहिल्या तिघांमुळे तो तुमच्या इंजिनाचा ठरतो.

व्ही५सीच्या सगळ्या पानांची, दोन्ही बाजूंनी, रंगीत प्रत काढून ठेवा. मूळ कागद पुढे डीव्हीएलएकडे जाणार आहे.

थांबा: इंजिन काढून झाल्यावर उरलेला सांगाडा लगेच भंगारात देऊ नका. अधिकृत केंद्राने गाडी नष्ट केल्याचं प्रमाणपत्र काढलं की त्या गाडीची ओळख कागदोपत्री संपते. डोनरच्या वयाची पाटी हवी असेल तर नंतर ती ओळख परत उभी करता येत नाही. सुटे भाग काढत असताना गाडी रस्त्यावर नसल्याची नोंद, म्हणजे एसओआरएन, करून ठेवा.

इंजिन सुटं विकत घेत असाल, मोडीच्या आवारातून किंवा एखाद्या माणसाकडून, तर पावती हाच सगळा आधार. त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, इंजिनाचा प्रकार, पूर्ण इंजिन नंबर, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचा नोंदणी क्रमांक व व्हीआयएन असायला हवा. "१ इंजिन, रोख" एवढीच पावती घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. त्या कागदाने पैसे दिल्याचं कळतं, बाकी काहीच नाही. पावती लिहिली जात असताना समोर उभे राहा आणि नंबर स्वतः वाचून दाखवा. नंतर फोन करून माहिती मागितली तर गाडी केव्हाच दाबून गेलेली असते.

४. नंबर शोधा आणि नीट वाचा

ब्लॉकवर बरेच आकडे असतात. त्यातले दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

ओतकामाचा नंबर धातूतून उठून वर आलेला असतो. साच्यातच असल्यामुळे तो त्या रचनेच्या हजारो ब्लॉकवर सारखाच असतो. इंजिन नंबर आत ठोकलेला असतो आणि तो त्या एकाच इंजिनाचा असतो. वयाच्या पुराव्यासाठी मुख्य आधार ठोकलेल्या नंबराचा. ओतकामाचा नंबर साक्षीला येतो, निर्णय देत नाही. फोर्डच्या क्रॉसफ्लो इंजिनावरचा ७११एम हा ठसा याचं चांगलं उदाहरण आहे. तो पाहून लोक "हे सत्तरच्या दशकातलं" असं ठरवून टाकतात. पण त्याच रचनेचे ब्लॉक बराच काळ ओतले गेले, पुढे रेसिंगसाठी नवेही निघाले. ठशावरून साल ठरत नाही.

साफसफाई करताना ग्रीस काढणारं द्रावण आणि नायलॉनचा किंवा पितळी ब्रश वापरा. ग्राइंडर, सँडपेपर, फ्लॅप डिस्क यांना हातही लावू नका. उथळ ठोकलेला नंबर दोन मिनिटांत पुसट होतो, आणि घासलेली जागा पाहून तपासनीसाच्या मनात चोरीच्या इंजिनाची शंका येते. जागा कोरडी झाली की खडूची पूड चोळून वरची पुसा, खाचांत उरलेली पूड आकडे दाखवते. पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसाही घ्या. फोटोत न दिसणारं अक्षर ठशात बरेचदा सापडतं.

सावधान: मशीन शॉपला ब्लॉक देण्याआधी नंबर कुठे आहे ते त्यांना दाखवा. शेवरोले स्मॉल ब्लॉकसारख्या इंजिनांत हा नंबर हेड बसतो त्याच पातळीवरच्या पॅडवर असतो, आणि ब्लॉकचा माथा रंधला की तो कायमचा जातो. रंगकामाचंही तेच. नंबराच्या जागेवर टेप लावून मगच जाड रंग द्या.

आता वाचन. किट कारमध्ये नेहमी भेटणारी काही इंजिनं घेऊ.

युरोपातल्या फोर्डच्या त्या काळच्या व्हीआयएनमध्ये अकरावं अक्षर वर्षाचं आणि बारावं महिन्याचं. बऱ्याच गाड्यांत इंजिन नंबर म्हणजे व्हीआयएनची शेवटची सात चिन्हंच असतात, म्हणून इंजिन नंबराची पहिली दोन अक्षरंही वर्ष आणि महिना सांगतात. जी म्हणजे १९८६, एच १९८७, जे १९८८, के १९८९. मात्र ही अक्षरं फिरून येतात. एल म्हणजे १९७१ आणि १९९० सुद्धा. एम म्हणजे १९७२ आणि १९९१ सुद्धा. १९७१ च्या इंजिनाला फक्त डोळ्यांनी धूर बघतात आणि १९९० च्याला यंत्र लावतात, म्हणजे एकाच अक्षराचे दोन अर्थ तुम्हाला दोन वेगळ्या रांगांत उभं करतात. त्यामुळे फोर्डचं नुसतं अक्षर दाखवून भागत नाही, सोबत इंजिनाचा प्रकार आणि डोनरची ओळख हवी. महिन्याचं अक्षरही दर वर्षी बदलतं, ते त्या वर्षाच्या तक्त्यातूनच वाचा.

रोव्हर व्ही८ मध्ये लोक शेवटच्या अक्षराला फसतात. ए, बी, सी ही अक्षरं पाहून ती वर्षाची असावीत असं वाटतं, पण ती रचनेतल्या बदलांची आहेत. सुरुवातीचे आकडे कोणत्या गाडीसाठीचं आणि किती कॉम्प्रेशनचं इंजिन ते सांगतात. साल त्यातून थेट निघत नाही, मालिका आणि क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून बघावे लागतात.

माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचं उत्पादन १९८९ ते १९९७ चालू होतं. बी६ म्हणजे १.६ लिटर, बीपी म्हणजे १.८. हे इंजिन नंबरावर दिसतं, पण त्यापुढचा क्रमांक साल बोलत नाही. १.६ चं इंजिन १९९० चंही असू शकतं आणि १९९६ चंही, आणि या दोहोंमध्ये वरच्या यादीतल्या दोन तारखा येतात. एमएक्स-५ डोनर घेणाऱ्यांनी म्हणूनच सुट्या इंजिनापेक्षा कागदासकट पूर्ण गाडी घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

शेवरोले स्मॉल ब्लॉकच्या मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडतात त्या भागाच्या) कडेला, ओतकामाची तारीख असते. ए ते एल या अक्षरांतून महिना, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. "सी १४ ८" म्हणजे १४ मार्च, पण १९६८, १९७८ की १९८८ हे त्यावरून कळत नाही. दशक ठरवायला ओतकामाचा नंबर लागतो, कारण ती रचना कधीपासून कधीपर्यंत ओतली गेली ते त्यावरून कळतं.

तपासा: शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर हा नंबर जाणार आहे. दुसऱ्या माणसाला, काहीही न सांगता, फोटोवरून नंबर वाचायला लावा आणि तुमच्या नोंदीशी जुळवा.

५. पुरावा मिळवण्याचा क्रम

वजनदार कागदापासून सुरुवात करा.

पहिला पर्याय: उत्पादकाचं पत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, तुमचा पूर्ण इंजिन नंबर आणि उत्पादनाची तारीख लिहिलेलं. पत्र मागताना नंबराचा फोटो, ठशाची प्रत आणि असेल तर डोनरचा व्हीआयएन जोडा, आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा: या क्रमांकाचं इंजिन कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झालं. "माझ्या इंजिनाची माहिती द्या" असं लिहिलंत तर माहितीपत्रक येतं. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे पत्र चॅसिसच्या ऑर्डरसोबतच पाठवा. इंजिन नंबर न लिहिता "ही मालिका १९८८ ते १९९१ दरम्यान बनत होती" एवढंच पत्र आलं तर नम्रपणे परत लिहा. सगळी मालिका एकाच रांगेत बसत असेल तर तेही उपयोगी पडतं, पण तारखेची रेघ मालिकेच्या मधून जात असेल तर नाही.

दुसरा पर्याय: डोनरचं व्ही५सी. पी.५ मधला नंबर ब्लॉकशी जुळत असेल तर तर्क सरळ आहे. गाडी पहिल्यांदा नोंदली गेली त्या दिवशी इंजिन तिच्यात होतं, म्हणजे ते त्याआधीच बनलेलं. इथे एक खोल खड्डा आहे. गाडीचं इंजिन मध्ये कधी बदललं असेल आणि मालकाने प्रामाणिकपणे डीव्हीएलएला कळवलं असेल, तर पी.५ मध्ये नव्या इंजिनाचा नंबर आलेला असतो, तारीख मात्र जुन्या नोंदणीचीच राहते. १९८८ च्या गाडीत १९९८ चं इंजिन, आणि कागदावर दोन्ही एकत्र. असा कागद पुढे करून जुना निकष मागणं चुकीचंच, आणि इंजिनाचा प्रकार ओळखणाऱ्या तपासनीसासमोर ते टिकणारही नाही. आपल्या इंजिनाचा प्रकार डोनरच्या मॉडेलमध्ये मुळात येत होता का, ही खात्री आधी तुम्ही करा.

गाडी रेघेच्या थोडी नंतर नोंदली गेली असेल, समजा १९९२ च्या ऑगस्टच्या मध्यावर, तर व्ही५सी तुमच्या विरुद्ध जातं. इंजिन त्याआधी बनलेलं असणारच, पण ते दाखवायला उत्पादकाचं पत्र लागेल.

डोनर गेली आहे आणि फक्त तिचा नोंदणी क्रमांक माहीत आहे, अशा वेळी सरकारी संकेतस्थळावर गाडीची पहिली नोंदणी आणि उत्पादन वर्ष दिसतं, पण इंजिन नंबर दिसत नाही. तो डीव्हीएलएच्या नोंदीत असतो. व्ही८८८ या फॉर्मवर, योग्य कारण देऊन, माहिती मागता येते. कारण नेमकं लिहा: इंजिन आता कोणत्या बांधणीत आहे, आयव्हीएसाठी त्याचं वय दाखवायचं आहे, सोबत खरेदीची पावती. पावतीत डोनरचा क्रमांक लिहून घेतला असेल तर तो इथे कामाला येतो.

तिसरा पर्याय: नोंदी सांभाळणाऱ्या संस्था. एमजी, मिनी, ट्रायम्फ अशा बीएमसी आणि ब्रिटिश लेलँड घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या कारखान्याच्या नोंदी वॉरिकशरमधल्या गेडन इथे ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत, आणि त्यावरून हेरिटेज प्रमाणपत्र मिळतं. त्यात चॅसिस नंबर, मूळ इंजिन नंबर आणि बांधणीची तारीख येते. मूळ इंजिन नंबर तुमच्या ब्लॉकशी जुळला तर हा उत्तम पुरावा. मालक क्लबही पत्र देतात. डीव्हीएलएच्या यादीत असलेला आणि मूळ नोंदी बाळगणारा क्लब निवडा, आणि पत्रात कोणत्या नोंदीवरून तारीख काढली ते लिहून मागा. "आमच्या अनुभवानुसार" असं पत्र कमकुवत असतं.

शेवटी साक्षीचे कागद: ओतकामाच्या तारखेचे फोटो, कार्यशाळा पुस्तिकेतला नंबरांचा तक्ता, जुन्या सर्व्हिसच्या पावत्या. एकटे उभे केले तर हे डगमगतात. वरच्या एखाद्या कागदासोबत जोडले तर चांगला भार पेलतात.

६. वेगळी प्रकरणं

जपानहून आलेली गाडी. युनोस रोडस्टर (एमएक्स-५ चं जपानमधलं नाव) २००३ साली ब्रिटनमध्ये आली असेल तर पहिल्या ब्रिटिश नोंदणीची तारीख २००३ दिसते, गाडी १९९० ची असली तरी. जपानी निर्यात प्रमाणपत्र आणि त्याचं भाषांतर मिळवा. त्यात साल जपानी कालगणनेत असतं, हेइसेई २ म्हणजे १९९०. पण त्यावर इंजिनाचा प्रकार असतो, अनुक्रमांक नसतो. म्हणून गाडी आणि ब्लॉक यांना जोडणारे टप्पा ३ मधले फोटो इथे दुप्पट महत्त्वाचे.

पुनर्बांधणी केलेलं इंजिन. पिस्टन, बेअरिंग, हेड नवं टाकलं म्हणून इंजिन नवं होत नाही, आणि जुना ब्लॉक शोधून आणला म्हणून आतलं सगळं जुनं ठरत नाही. ब्लॉकचा नंबर हीच ओळख. कंपनीने बदलून दिलेल्या ब्लॉकवर कधी कधी नंबरच नसतो, तेव्हा त्या कामाची मूळ पावती सांभाळा.

नंबरच नाही, किंवा पुसला गेलाय. स्वतः नंबर ठोकून मोकळं व्हावंसं वाटेल. तुम्ही ठोकलेला नंबर वय सिद्ध करत नाही. दुसऱ्या इंजिनाचा नंबर ठोकणं तर सरळ बनावटगिरी. अशा इंजिनाला चालू निकष लागतील असं धरून ठरवा: कॅट, लॅम्डा सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवायचे, की कागद असलेलं दुसरं इंजिन आणायचं. जुन्या कार्ब्युरेटर इंजिनासाठी मी दुसरा मार्ग निवडेन, खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात.

मोटरसायकलचं इंजिन. नियम तोच, मोटरसायकलच्या व्ही५सीवरही इंजिन नंबर असतो. बाइक घेताना तो क्रँककेसशी जुळवा.

७. आयव्हीएचा अर्ज आणि तपासणीचा दिवस

अर्ज भरतानाच इंजिनाचा पुरावा जोडा. तपासणीच्या दिवशी काउंटरवर काढून दाखवू, असा बेत करू नका. अधिकाऱ्याला कागद पडताळायला वेळ मिळाला पाहिजे, आणि कमी पडलं तर तुम्हालाही दुसरा आणायला.

इंजिनासाठी वेगळी पातळ फाइल करा. वर एक पान: इंजिनाचा प्रकार, पूर्ण नंबर, उत्पादनाची तारीख, कोणता निकष मागताय, आणि कोणता कागद काय सिद्ध करतो. त्याखाली तेच कागद त्याच क्रमाने. बांधणीचे फोटो आणि इतर पावत्या वेगळ्या फाइलमध्ये, कारण गाडी हौशी माणसाने स्वतः बांधली आहे हे दाखवायला त्याही लागतात.

गाडीत इंजिन बसवताना नंबर वाचता येईल अशी सोय ठेवा. एक्झॉस्ट, स्टार्टर किंवा उष्णतेचं कवच नंबरावर आलं तर तपासनीस तो पाहणार कसा? बांधणी सुरू असतानाच आरसा आणि टॉर्च घेऊन तपासा. आदल्या दिवशी नंबर परत पुसून घ्या, आणि सोबत छोटा आरसा न्या.

थांबा: निकष मिळाला म्हणजे धूर पास झाला असं नाही. ३.५ टक्के ही मर्यादाही थंड इंजिनावर किंवा गळक्या एक्झॉस्टवर सुटते. आधीच्या आठवड्यात एखाद्या एमओटी (गाड्यांची वार्षिक तपासणी) केंद्रावर, इंजिन पूर्ण तापवून, मोजून घ्या.

८. डीव्हीएलएकडे जाताना

मान्यतेचं प्रमाणपत्र हाती आलं की व्ही५५/५ आणि बांधलेल्या गाडीचा व्ही६२७/१ हे फॉर्म भरायचे, सोबत मान्यता प्रमाणपत्र, भागांच्या पावत्या, फोटो, ओळखीचे पुरावे, शुल्क, आणि डोनरच्या वयाची पाटी हवी असेल तर तिचं मूळ व्ही५सी.

इथे बघायचं ते एकच: इंजिन नंबर मान्यता प्रमाणपत्रावर, दोन्ही फॉर्मवर आणि पावत्यांवर तंतोतंत सारखा आहे का. एकीकडे मधलं मोकळं अंतर, दुसरीकडे आडवी रेघ, एवढ्यावरूनही पत्र परत येऊ शकतं. मान्यता प्रमाणपत्रातच चूक असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, मगच पुढचा लिफाफा पाठवा. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत काढा आणि टपाल नोंदणीकृत करा.

नवीन व्ही५सी आलं की लगेच पी.५ वाचा, आणि शेऱ्यांच्या रकान्यात उत्सर्जनाबद्दल काही लिहिलंय का तेही बघा. तसा शेरा असेल तर पुढे एमओटी करणारा मेकॅनिक त्याच्याकडेच बघणार. चूक दिसली तर त्याच आठवड्यात डीव्हीएलएला कळवा. इंजिनाची पातळ फाइल मात्र गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा नव्या मालकाला द्या.